बालगुन्हेगारी : कारणे आणि आपली जबाबदारी

बालगुन्हेगारीची चर्चा निघाली की मोबाइल, चित्रपट आणि वाईट संगत यांना दोष देऊन आपण मोकळे होतो. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्या मुळाशी शाळा सुटलेले आणि आई-वडील कामावर गेल्यावर दिवसभर एकटे राहणारे मूल असते. अशा मुलाला सर्वांत आधी हेरतो तो दारू-गांजाचा धंदा करणारा प्रौढ.

इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला याहून गंभीर वाटणारे कारण म्हणजे शिक्का. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १८९७ च्या दुरुस्तीने त्यांची चार ते अठरा वर्षांची मुले आई-वडिलांपासून तोडून वेगळी ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापुरात या जमातींना तारेच्या कुंपणाआड डांबले गेले. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखला जातो. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. त्याच सोलापुरात १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. एकाच शहरात एकीकडे कुंपण आणि दुसरीकडे वसतिगृह!

आज वस्तीतला एखादा मुलगा चोरीत सापडला की शाळा त्याच्या हाती दाखला ठेवते, नातलग बोलणे टाकतात. शिकून नोकरीला लागलेले आपण तर याबाबतीत अधिकच निष्ठुर! वास्तविक २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्याची ओळख वृत्तपत्रांतून उघड करण्यास मनाई आहे. मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे ठाऊक नसल्यामुळे भांबावलेली आई कोणा पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसते आणि मुलाला वापरणारा मोकळाच राहतो.

प्रतिबंधाची सुरुवात हजेरीपटापासून व्हावी. आठवडाभर न आलेल्या मुलाच्या घरी शिक्षकाने जावे. वंदनेपुरते उघडणारे आपले विहार रोज सायंकाळी अभ्यासिकेसाठी खुले राहावे. तेथे दोन तास बसण्याची जबाबदारी माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने घ्यावी. आणि एखादा मुलगा मंडळापुढे जाऊन परत आलाच, तर त्याला पुन्हा वर्गात बसवून घेण्यासाठी मुख्याध्यापकांकडे निघालेल्या आईसोबत आपल्यापैकी दोघांनी तरी जावे.