टाळी कुणासाठी?

सदरच्या लिबर्टी किंवा स्मृतीसारख्या थिएटरात रहस्यपटाला बसलेला प्रेक्षक गप्प राहत नाही. तो पडद्यावरच्या माणसाला सावध करतो, शेजाऱ्याला आपला अंदाज ऐकवतो आणि मध्यंतरात चहाच्या टपरीवर ‘बॉडी कुठी लपवली असन बे?’ म्हणून वाद घालतो. आपल्या समीक्षेने या बोलण्याची फारशी दखल घेतलेली नाही. खरे तर हा प्रेक्षक कुणाच्या बाजूने बोलतो, हे पाहण्यासारखे आहे.

जुन्या रहस्यपटांत तो सत्याच्या बाजूने असे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि त्यावरून राज खोसला यांनी केलेला ‘मेरा साया’ (१९६६) घ्या. समोर उभी असलेली बाई ही आपली पत्नीच का, याचा उलगडा झाला की नायकाबरोबर प्रेक्षकाचाही जीव भांड्यात पडतो. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०) एकाही गाण्याविना उभा राहिला, तो याच ओढीवर.

निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’ने (२०१५) ही ओढ उलटी फिरवली. जीतू जोसेफ यांच्या २०१३च्या मल्याळम चित्रपटाची कथा इथे गोव्यात आली. मृत्यू कसा झाला, हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. तरी ते पोलिसांना कळू नये, म्हणून तो श्वास रोखून बसतो. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर एकीकडे आणि आयजी मीरा देशमुख दुसरीकडे. गायतोंडे लहान मुलीवर हात उचलतो, तेव्हा थिएटरातून शिव्या ऐकू येतात. खड्डा उकरल्यावर भलतेच काही निघते, तेव्हा शिट्ट्या. या शिट्ट्या खुनाला नसतात. चौकीची पायरी चढताना ज्याच्या पोटात गोळा येतो, त्या माणसाने मिळवलेला तो क्षणभराचा विजय असतो.

आणखी एक गंमत आहे. विजय स्वतः अट्टल सिनेमावाला. बचावाची युक्ती तो सिनेमांतूनच शिकतो आणि पुरावा म्हणून जपून ठेवतो त्यातही थिएटरची तिकिटे असतात. जन्मभर तिकीट फाडून आत शिरलेल्या माणसाला तो आपला न वाटला तरच नवल.

पण चित्रपट इथेच थांबला असता तर तो नुसता चतुर ठरला असता. शेवटाकडे मीरा आणि तिचा नवरा विजयला भेटतात. आता ती अधिकारी नसते, मुलगा कुठे आहे एवढेच विचारणारी आई असते. मघाशी शिट्ट्या वाजवणारे लोक इथे गप्प होतात. तब्बूच्या चेहऱ्यासमोर आपण कुणाला लपवायला मदत केली, हे ध्यानात येते. आणि लगेच पुढच्या प्रसंगात ती जागा उघड होते, तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवतात. (जागा मी इथेही सांगणार नाही.) ही शांतता आणि ही टाळी, दोन्ही प्रामाणिक आहेत. त्यांतली एकच खरी मानणारे समीक्षक मला अर्धवट वाटतात.

हिचकॉक म्हणत असे की, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर उत्कंठा वाढते. २०२२ साली ‘दृश्यम २’ आला तेव्हा लोक ती जागा मनात घेऊनच थिएटरात शिरले होते. पडद्यावरचे पोलीस तिच्या आसपास फिरकले, की खुर्च्या करकरायच्या.