सीलबंद खोके

मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. शेजारचे पंचाहत्तरीचे गृहस्थ कौतुकाने मला तळघरात घेऊन गेले. भिंतभर खोकी! आत प्लॅस्टिकचे सुटे भाग. चिकटवायचे, रंगवायचे, की खरीच्या पंचविसाव्या हिश्शाची मोटार तयार. बहुतेक ‘हॉट रॉड’. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन घातले. पुढे पोरांनी याच जुन्या गाड्यांची मडगार्डे उतरवून त्या सुसाट पळवल्या. १९५८ पासून एएमटी कंपनीच्या एकाच खोक्यातून गाडी तीन तऱ्हांनी जोडता येऊ लागली: कारखान्यातून निघते तशी, नटवलेली किंवा शर्यतीची.

एक खोके मात्र सीलबंद.

‘‘उघडलं की किंमत उतरते,’’ ते म्हणाले.

मी मान डोलावली. मुदत ठेव मोडू नका, हे सांगण्यात (आणि कर्जाच्या फायली चाळण्यात) माझी हयात गेलेली!

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात ते, काखेत तेच खोके. ‘‘माझे हात आता थरथरतात. तुमचे कसे आहेत?’’

नोटा मोजलेले हात. पुढे केले.

गाडीला तीन रविवार लागले. मागचे डावे चाक किंचित तिरके बसले आहे. ते माझे.