पाटाला तडा का गेला?

सुतारकामातला आमचा पहिला प्रयोग म्हणजे मुलांच्या आजीसाठी केलेला पूजेचा पाट. ऐन पावसाळ्यात सागाची ३० सेंटिमीटर रुंद फळी आणली, करवतीने कापली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि खालून दोन आडव्या पट्ट्या सरस व स्क्रू लावून पक्क्या केल्या. जितके घट्ट तितके टिकाऊ, असा आमचा हिशेब! मे महिन्यातल्या एका दुपारी पाट उभा चिरला.

दोष लाकडाचा नव्हता, हिशेबाचा होता.

लाकूड म्हणजे लांबट, नळीसारख्या पेशींची जुडी. पेशींच्या भिंतींतले सेल्युलोजचे तंतू मुख्यतः खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. दमट हवेत पाण्याचे रेणू या तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना बाजूला सारतात. तंतू दूर सरकतात, पण लांब होत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. उन्हाळ्यात याच्या उलट घडते.

किती आकसते? खोडाच्या वर्तुळांना स्पर्शिकेसारखी कापलेली सागाची फळी पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत ५ ते ६ टक्के आकसते. जलांश सुमारे ३० टक्क्यांखाली गेल्यावर हे आकसणे सुरू होते. म्हणजे जलांश १ टक्क्याने घटला की रुंदी साधारण ०.२ टक्क्याने घटते. पावसाळ्यातला जलांश १६ आणि मे महिन्यातला ९ मानला, तर ३० सेंटिमीटरची फळी सुमारे ४ मिलिमीटर आकसायला हवी. आडव्या पट्ट्यांचे तंतू मात्र फळीच्या रुंदीच्या दिशेने होते, त्यामुळे त्यांची लांबी बदलली नाही. फळीला आकसायचे होते, पट्ट्या तिला आकसू देत नव्हत्या. या ओढाताणीत फळी आपल्या सर्वांत दुबळ्या जागी, तंतूंच्या मधून, फाटली.

दुसऱ्या पाटात आम्ही सरस वापरला नाही. प्रत्येक पट्टीचा मधला स्क्रू घट्ट केला आणि टोकांच्या स्क्रूंसाठी लांबट भोके पाडली. त्यातून फळीला हलायला जागा मिळाली. दोन उन्हाळे झाले, आजी त्याच पाटावर बसतात.

वर्गात करून पाहा: खोक्याच्या पातळ फळीतून १० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेने, दुसरी तंतूंना आडवी. दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मोजा. मग मुलांना विचारा, प्लायवुडचे थर एकाआड एक आडवे का चिकटवतात?