बुरूज-रक्षणाच्या सहकारी खेळाचे गुणदोष : ‘डंजन डिफेंडर्स’ आणि नेरकडील जागल

व्हिडिओ गेमच्या अनेक प्रकारांपैकी ‘टॉवर डिफेन्स’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार रचनेच्या दृष्टीने अत्यंत साधा आहे. ठरलेल्या वाटांनी शत्रूच्या टोळ्या एकामागून एक येत राहतात. त्यांनी आपल्या ठेव्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेच्या कडेने उभारलेल्या बुरुजांनी त्यांचा नाश करावयाचा, एवढाच त्याचा गाभा. 1990 साली अटारी कंपनीने काढलेल्या ‘रॅम्पार्ट’ या खेळात त्याचे बीज सापडते. 2002 साली निघालेल्या ‘वॉरक्राफ्ट 3’ या युद्धखेळात हौशी खेळाडूंनी स्वतः रचलेल्या नकाशांमधून त्यास निश्चित आकार आला, आणि 2007 मधील ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ व 2009 मधील ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’ या खेळांनी तो घरोघर पोहोचविला. यांतील बऱ्याच खेळांत खेळणारा एकटा असतो, आणि पटावरील सोंगट्यांकडे पाहावे तसा तो रणभूमीकडे वरून पाहतो. त्याला स्वतःला इजा होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या रचनेत दोन फेरबदल केले म्हणजे प्रस्तुत विवेचनाचा विषय सिद्ध होतो. पहिला असा की, खेळाडूने बुरूज तर उभारावयाचेच, पण तलवार किंवा धनुष्य घेऊन स्वतःही रणात उतरावयाचे. दुसरा असा की, हे काम एकट्याने न करता चौघांनी मिळून करावयाचे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील गेन्सव्हिल येथील ट्रेंडी एंटरटेनमेंट या संस्थेने ऑक्टोबर 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘डंजन डिफेंडर्स’ हा या मिश्र प्रकाराचा ठळक नमुना होय. त्याच महिन्यात निघालेल्या ‘ऑर्क्स मस्ट डाय’ या खेळातही बांधणी व प्रत्यक्ष लढाई यांचा असाच मेळ होता. परंतु तेथे खेळाडू एकच होता, आणि दोघांनी मिळून खेळण्याची सोय 2012 मधील दुसऱ्या भागात आली. सहकार्याच्या दृष्टीने विचार करावयाचा तर पहिलाच खेळ अधिक उपयोगाचा आहे.

‘बुरूज’ या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात प्रथम किल्ला उभा राहतो. ही कल्पना येथे थोडी दिशाभूल करणारी आहे. किल्ल्याचा तट शत्रूची वाट बंद करतो. या खेळात मात्र वाट उघडीच असते, आणि येणारा त्या वाटेने येणार हे गृहीत धरूनच सारी योजना करावी लागते. याचे खरे साम्य गडापेक्षा शेताच्या राखणीशी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील नेर, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातील नेर-परसोपंत, हा कपाशी, तूर, सोयाबीन आणि हरभरा यांचा मुलूख. येथील शेतकऱ्यास रानडुकरांचा व रोह्यांचा उपद्रव नवा नाही. (नीलगायीस विदर्भात रोही म्हणतात, हे इतर भागांतील वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे.) पीक हाताशी आले की रात्री शेतात मुक्काम करावा लागतो. यालाच जागल म्हणतात.

जागलीची पद्धत थोडी तपशिलाने पाहणे इष्ट आहे. जनावरे वाटेल तेथून शिरत नाहीत. नाल्याचे पात्र, बांधावरील झुडपांची रांग, गेल्या वर्षी मोडलेले कुंपण, अशा त्यांच्या वहिवाटीच्या जागा असतात, आणि त्या ओळखून मचाण कोठे बांधावयाचे, शेकोटी कोठे पेटवावयाची, बुजगावणे कोठे उभे करावयाचे हे ठरते. हे सगळे दिवसाउजेडी करावे लागते. रात्र पडल्यावर फक्त पहारा. पण बुजगावण्याने भिणारे जनावर चार दिवसांत भीत नाहीसे होते, म्हणून मनुष्यास उठून बॅटरी घेऊन धावावेच लागते, डबा बडवावा लागतो, आरोळी ठोकावी लागते. एका शेतातील आरोळी शेजारच्या शेतातील राखणदारास जागे करते. डुकरांशी झुंजण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही असा म्हातारा किंवा पोरसवदा मुलगाही या साखळीत उपयोगी पडतो, कारण त्याच्याकडून अपेक्षा असते ती कानाची आणि आवाजाची. दिवसाची मांडणी, रात्रीचा पहारा आणि शेजाऱ्याचा प्रतिसाद या तीन अंगांनी जागल पुरी होते.

‘डंजन डिफेंडर्स’मध्ये ही तिन्ही अंगे आहेत. प्रत्येक फेरीचे दोन भाग पडतात. पहिला बांधणीचा, त्यात शत्रू कोणत्या दारांनी येणार हे आधी कळते. दुसरा लढाईचा. राखावयाचा ठेवा म्हणजे ‘इटर्निया’ नावाचा स्फटिक. तो फुटला की डाव संपला. कथा अशी की, घरातील मोठे वीर बाहेर गेले असता मागे राहिलेल्या चार उमेदवारांच्या धसमुसळेपणामुळे कोंडलेले संकट मोकळे होते, आणि ते निस्तरण्याचे काम त्यांच्याच गळ्यात पडते. चौघांची कामे भिन्न आहेत. ‘स्क्वायर’ हा अडथळे उभारतो; ‘अप्रेंटिस’ हा मांत्रिक दुरून मारा करणारे बुरूज बांधतो; ‘हंट्रेस’ ही शिकारीण वाटेत सापळे पुरते; आणि ‘मंक’ हा भिक्षू जमिनीवर प्रभावाची वर्तुळे आखतो. या वर्तुळांत शिरणाऱ्या शत्रूची चाल मंदावते, त्याचे बळ घटते, किंवा तो आपल्याच साथीदारांवर उलटतो.

या योजनेचा मोठा गुण असा की, एकाचे काम दुसऱ्यावाचून अपुरे राहते. अडथळा शत्रूस थोपवितो, पण थोपविताना स्वतः झिजतो. त्यावर भिक्षूचे बळ घटविणारे वर्तुळ असेल तर ती झीज कमी होते, आणि थोपलेल्या गर्दीवर मागच्या बुरुजाचा मारा नेमका बसतो. सापळ्यांची शक्ती ठरावीक वेळा वापरल्यावर संपते, म्हणून लढाई चालू असतानाच कोणीतरी जाऊन ते पुन्हा सज्ज करावे लागतात. शत्रूंचे प्रकारही असेच विचारपूर्वक योजलेले आहेत. उडत येणाऱ्या ‘वायव्हर्न’ला जमिनीवरील अडथळा अडवू शकत नाही, ‘कोबोल्ड’ धावत येऊन अडथळ्यापाशी स्वतःचा स्फोट घडवितो, ‘ओगर’ एकटाच आला तरी साऱ्या फळीस खिंडार पाडतो. बुजगावण्यास न भिणाऱ्या जनावराप्रमाणे यांच्यासाठी खेळाडूस स्वतःच धावावे लागते. मांडणीच्या चुका धावपळीने काही अंशी भरून निघतात आणि धावपळीचा भार चांगल्या मांडणीने हलका होतो. मांडणी व कृती यांचे असे परस्परावलंबन निव्वळ बुरूज-खेळात नाही, आणि निव्वळ मारधाडीच्या खेळात तर नाहीच नाही. शिवाय एकाच पडद्याचे भाग पाडून एका खोलीत बसून खेळण्याची सोय यात आहे. शेजारी बसलेल्यास “तिकडचे दार सांभाळ” असे तोंडाने सांगता येते, ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही.

आता दोषाकडे वळावयाचे. तो खेळाच्या बाह्य स्वरूपात नसून हिशेबात आहे, म्हणून चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक नकाशावर एकूण किती बांधकाम करता येईल यास मर्यादा घातलेली असते, आणि ती चौघांत सामाईक असते. उलटपक्षी, बांधलेल्या बुरुजाची शक्ती ही बांधणाऱ्या पात्राच्या वैयक्तिक श्रेणीवर व त्याने मिळविलेल्या शस्त्र-चिलखतांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, समजा मर्यादा 60 एककांची आहे, आणि प्रत्येक बुरुजास 3 एकके लागतात. म्हणजे 20 बुरूज झाले. जुन्या खेळाडूचा बुरूज नवख्याच्या बुरुजापेक्षा दसपट मारक असेल, तर नवख्याने हौसेने बांधलेले 5 बुरूज हे नुसते दुबळे राहत नाहीत. ते 5 समर्थ बुरुजांची जागा अडवितात. सर्वांचे एकत्रित बळ 200 मानांऐवजी 155 मानांवर येते. नवख्याने काहीच न करणे हेच संघाच्या हिताचे ठरते, आणि अवघड श्रेणीत त्याला तसे स्पष्ट बजावले जाते.

याच्या जोडीला आणखी एक सवलत आहे. एका खेळाडूजवळ अनेक पात्रे असू शकतात आणि बांधणीच्या वेळी ती आलटून पालटून वापरता येतात. त्यामुळे जुना खेळाडू प्रथम अडथळे उभारतो, मग मांत्रिक होऊन बुरूज बांधतो, मग वर्तुळे आखतो, शेवटी सापळे पुरतो. चौघांत वाटलेली कामे एकाच्या हाती येतात. कथेत चार अपुरी मुले एकमेकांच्या आधाराने घर राखतात. नियम मात्र अशा एका प्रौढास जन्म देतात की ज्याला कोणाच्याच आधाराची गरज उरत नाही. उरलेले तिघे स्फटिकाजवळ उभे राहून फेरी संपण्याची वाट पाहतात आणि बक्षिसे गोळा करतात. प्रकाशनानंतर वाढविलेल्या ‘नाइटमेअर’ या श्रेणीत हे वैषम्य पराकोटीस गेले.

नेरकडील शेतात म्हाताऱ्याची आरोळी तरुणाच्या आरोळीची जागा अडवीत नाही. आवाजाची मर्यादा सामाईक नाही, हे त्याचे कारण. अर्थात जागलीचे गोडवे गाण्याचे प्रयोजन नाही. थंडी, साप, जागरण आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी यांचा तो जाच आहे, आणि ज्याची ऐपत आहे तो सौर ऊर्जेवरचे झटका-कुंपण घालून त्यातून मोकळा होतो. मोकळा झालेला मनुष्य रात्री घरी निजतो. साखळीतील एक आवाज कमी होतो, आणि कुंपणास वळसा घालून कळप शेजारच्या उघड्या शेतात शिरतो. म्हणजे वैयक्तिक साधन वाढले की सामाईक पहारा विरघळतो, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच आहे. फरक परिणामात आहे. शेतात दुबळ्याचे नुकसान होते. खेळात दुबळा तरतो, किंबहुना फुकटात श्रीमंत होतो, पण त्याच्या हातांना काम राहत नाही. पीक ज्याचे त्याचे आणि पहारा सर्वांचा, अशी शेताची रीत. स्फटिक सर्वांचा आणि कमाई ज्याची त्याची, अशी खेळाची.

दोषाचे मूळ ‘वैयक्तिक वाढ’ या तत्त्वात शोधावे, की सामाईक मर्यादेत? विदर्भातील मैदानांवर रुजलेला आट्यापाट्यांचा खेळ या प्रश्नावर प्रकाश टाकतो. तोही मुळात वाट राखण्याचाच खेळ आहे. प्रत्येक रक्षकाने आपापली पाटी धरावयाची. कितीही चपळ गडी असला तरी तो पाटी सोडून शेजारच्याच्या मदतीस धावू शकत नाही. त्यामुळे उत्तम गड्याची किंमत वाढते खरी, पण दुबळ्या गड्याची पाटी त्याला राखता येत नाही, आणि संघास त्या दुबळ्या गड्याला शिकविण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे कौशल्याचे वैषम्य भरपूर असूनही कोणी बेकार होत नाही. म्हणजे वैषम्य हा स्वतंत्रपणे दोष नव्हे. वैषम्य असताना कामाची जागा वाटून दिलेली नसणे हा दोष होय.

खेळाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे येथे विचारात घेतले पाहिजे. चार मित्रांनी एकाच दिवशी आरंभ केला आणि बरोबरीने मजल मारली, तर वरील आपत्ती ओढवत नाही, असे ते म्हणतील. ते खरे आहे. पहिल्या काही नकाशांवर या खेळाने जो आनंद दिला तो याच स्थितीतला होता. पण अशी बरोबरी टिकविण्याची जबाबदारी नियमांनी न घेता ती मित्रांच्या दैनंदिनीवर टाकली, हे मान्य करावे लागते. चौघांपैकी एकाने परीक्षेमुळे महिनाभर खेळ सोडला तर परतल्यावर त्याचे बुरूज निरुपयोगी झालेले असतात. जुना खेळाडू नवख्यास पुढे ओढून नेतो ही एक प्रकारची शिकवणीच, असाही युक्तिवाद होऊ शकतो. तो मात्र टिकण्यासारखा नाही. ओढून नेलेल्यास शस्त्रे मिळतात. कोणत्या वाटेवर काय मांडावे हे मिळत नाही.

इतर उणिवा त्यामानाने किरकोळ आहेत. मारलेल्या शत्रूंकडून पडणारी बांधणीची ऊर्जा जो आधी उचलील त्याची, आणि बक्षिसाची शस्त्रेही तशीच. त्यामुळे फेरीच्या शेवटी सहकाऱ्यांतच धावाधाव लागते. आपल्याजवळची ऊर्जा टाकून दुसऱ्यास देता येते, हा त्यावरील उतारा अनेकांच्या लक्षातही येत नाही. उत्तम शस्त्रासाठी तोच नकाशा पुनःपुन्हा खेळण्याचा कंटाळा आहेच. पात्राची नोंद खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रावर ठेवणाऱ्या ‘खुल्या’ विभागात आकड्यांची अफरातफर माजली, आणि संस्थेच्या सर्व्हरवर नोंदी ठेवणारा विभाग निराळा होता म्हणूनच प्रामाणिक खेळाडूंना थारा राहिला.

मूळ दोषावर उपाय अवघड नाही. सामाईक मर्यादेचा काही भाग प्रत्येक खेळाडूच्या नावाने राखून ठेवावा, म्हणजे वरील उदाहरणातील 60 एककांपैकी 40 ही चौघांना 10-10 अशी वाटून द्यावी आणि 20 मोकळी ठेवावी; शिवाय फेरी सुरू असेपर्यंत एका खेळाडूने एकच पात्र वापरावे. असे केल्यास नवख्याच्या 10 एककांत 3 बुरूज बसतील, ते कोणालाही हिरावून घेता येणार नाहीत, आणि ते कोठे बांधले म्हणजे निदान एखाद्या दाराचा भार हलका होईल, हे त्याला सांगण्यात जुन्या खेळाडूचाच स्वार्थ राहील. याने अवघड श्रेणी आणखी अवघड होईल, ही किंमत आहे. 2017 साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागातही एकाच खेळाडूने अनेक पात्रे बदलत बांधणी करण्याची सवलत कायम ठेवण्यात आली होती.