उसनं विष

कोलंबियाच्या प्रशांत किनाऱ्यालगत, सायखा नदीच्या खोऱ्यात वर्षभर पाऊस कोसळत असतो. तिथल्या ओल्या पालापाचोळ्यावर भर दिवसा एक पिवळाधमक बेडूक निवांत उड्या मारत फिरतो. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. आपल्याकडचे बहुतेक बेडूक दिवसा दडून बसतात, मातीच्या नाहीतर पानांच्या रंगात मिसळून जातात. याला लपायची गरजच नाही. अंगावरचा रंग हीच त्याची ताकीद असते: मला तोंड लावू नका.

1978 साली चार्ल्स मायर्स, जॉन डेली आणि बोरिस माल्किन यांनी या बेडकाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं फायलोबेटिस टेरिबिलिस. टेरिबिलिस म्हणजे भयंकर. एम्बेरा आदिवासींना ही गोष्ट त्याआधीच ठाऊक होती. फुंकनळीने शिकार करणारे एम्बेरा हा बेडूक पकडत, त्याला जपून दाबून धरत, बाणाचं टोक त्याच्या पाठीवर घासत आणि मग त्याला सोडून देत. बेडूक मरत नसे. बाणावरचं विष मात्र वर्षभर टिकत असे.

या विषाचं नाव बॅट्राकोटॉक्सिन. ते बेडकाच्या कातडीतल्या ग्रंथींत साठतं. त्याचं काम समजून घ्यायचं तर आधी मज्जातंतू कसा चालतो ते पाहू. मज्जापेशीच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. संदेश आला की दार क्षणभर उघडतं, सोडियम आत घुसतो आणि दार लगेच मिटतं. हे मिटणं फार महत्त्वाचं. दार मिटलं तरच पेशी पूर्वपदावर येते आणि पुढचा संदेश नेऊ शकते. बॅट्राकोटॉक्सिन नेमकं हे दार उघडंच अडकवून ठेवतं. मग मज्जातंतू निकामी होतात, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते आणि ते थांबतं. यावर उतारा नाही. एका बेडकाच्या अंगावर साधारण एक मिलिग्रॅम विष असतं, आणि तेवढं अनेक माणसांचा जीव घ्यायला पुरेसं आहे.

मग बेडूक स्वतः कसा वाचतो? त्याची दारंच वेगळ्या घडणीची असावीत, असं बराच काळ मानलं जायचं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र त्याची दारंही या विषाला बळी पडताना दिसली. बहुधा त्याच्या शरीरातलं एखादं प्रथिन स्पंजासारखं विष टिपून घेत असावं, असा आताचा अंदाज आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढेच. हे विष बेडूक स्वतः तयार करत नाही. काचेच्या पेटीत जन्मलेल्या, फळमाश्या आणि रातकिडे खाऊन वाढलेल्या पिल्लांत ते नसतंच. रंग तोच पिवळाधमक, कातडी मात्र निर्विष. म्हणजे विष येतं जंगलातल्या अन्नातून. कुठल्या किड्यातून, याचा माग न्यू गिनीतल्या संशोधनाने दाखवला: तिथल्या पिटोहुई पक्ष्यांच्या पिसांत हेच विष सापडलं आणि नंतर तिथल्या चिमुकल्या भुंग्यांतही. कोलंबियातही अशाच एखाद्या भुंग्यावर संशय आहे.

जंगल तुटलं तर तो भुंगा जाईल, आणि भुंग्याबरोबर विषही. आज हा बेडूक संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. प्रशांत किनाऱ्याच्या एका छोट्या पट्ट्यापलीकडे तो जगात कुठेही निसर्गात आढळत नाही.