जुनी गाडी, नवा काँप्रेसर

आमची मोटार १९९८ सालची. वडिलांनी निवृत्त होताना ती घेतली, आणि ते गेल्यावरही ती विकावी असे घरात कोणाच्या तोंडून निघाले नाही. गेल्या वर्षापासून आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. चार तास यंत्राला जखडून राहिल्यावर पुण्यातल्या भर उन्हात तापलेल्या गाडीतून घरी येणे म्हणजे काय, हे मी तिच्या चेहऱ्यावर वाचले आहे. आणि नेमका ऐन वैशाखात गाडीचा एसी बंद पडला!

"काँप्रेसर गेला," असे जवळच्या गॅरेजवाल्याने निदान केले. मी पडलो काटकसरी गृहस्थ. मोडीत निघालेल्या गाडीचा काँप्रेसर नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो म्हणताच तोच बसवून घेतला. बरोबर एकविसाव्या दिवशी भर रस्त्यात करकर आवाज झाला, पट्टा जळल्याचा वास सुटला. आई पदराने वारा घेत "असू दे रे, घर जवळच आहे," म्हणत राहिली. मला मात्र माझी काटकसर बोचू लागली.

अखेर नाना पेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींना गाठले. त्यांनी काँप्रेसरमधले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतले. तेल काळेकुट्ट, आणि त्यात चकाकणारा धातूचा कीस!

"साहेब, पहिला काँप्रेसर मरताना आपला चुरा नळ्यांत टाकून गेला. तुम्ही घर न झाडताच नवा भाडेकरू आणलात!"

मग त्यांनी मला सारा संसार समजावला. काँप्रेसर गॅस दाबून तापवतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो निवून द्रवरूप होतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. आणि एका अरुंद झडपेतून सुटल्यावर तो पुन्हा वायुरूप होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. या साऱ्या प्रवासात गॅसबरोबर तेलही फिरते. ते परत आले नाही, तर काँप्रेसर कोरडाच घासतो.

म्हणून पहिला प्रश्न गॅसचा. फार जुन्या गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. जुन्या गॅसचे खनिज तेल या नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. आमच्या बॉनेटखालच्या पट्टीवर १३४ए होते. मोडीतल्या काँप्रेसरमध्ये कोणते तेल आहे, हे मात्र मी विचारलेच नव्हते!

या खेपेस जुना नग हातात घेऊनच दुकानात गेलो. पट्टीवरचा क्रमांक, बोल्टांची भोके, पुलीचा व्यास व तिच्यावरच्या खाचा, क्लचचे १२ व्होल्ट, नळ्यांची तोंडे, सारे ताडून पाहिले. नव्या नगाची तोंडे झाकणांनी बंद होती आणि हाताने फिरवता तो कोठे अडकत नव्हता. मिस्त्रींनी नळ्या धुतल्या, कंडेन्सर, ड्रायर आणि झडप नवी घातली, तेल मोजून भरले, पंपाने आतली हवा व दमटपणा काढला आणि गळती नाही याची खात्री झाल्यावरच गॅस भरला. ड्रायरचे पैसे वाचवावेत असे पुन्हा मनात आले होते. पण उघड्या हवेत तो ओलावा पिऊन निकामी होतो, हे ऐकून गप्प बसलो.

दोन काँप्रेसरांचे पैसे मोजून मी एवढेच शिकलो, की मेलेल्या काँप्रेसरच्या जागी नुसता काँप्रेसर घेऊन भागत नाही. तो कशाने मेला हे आधी शोधावे लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला घेऊन निघालो. सिग्नलपाशी मागून आवाज आला, "अरे, जरा कमी कर. गार लागतंय."

इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती.