वाचाघात आणि वाक्यबोध

मेंदूस इजा झाल्याने भाषा अंशतः अथवा पूर्णतः हरपते, त्या अवस्थेस वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका याने उच्चारित वाणीचा संबंध मेंदूच्या ललाटखंडाशी जोडला. १८७४ साली कार्ल वेर्निके याने शब्दबोधाचा संबंध शंखखंडाशी दाखविला. तेव्हापासून बोलणे व समजणे या दोन स्वतंत्र शक्ती मानण्याची प्रथा पडली. ब्रोका-प्रकारचा रुग्ण तुटक बोलतो, परंतु त्यास समजते सारे, ही समजूत त्यातूनच रूढ झाली.

मनोभाषाविज्ञानाची प्रतिमाने मात्र असे सांगतात की, वाक्यबोध ही एकच क्रिया नव्हे. ध्वनी ओळखणे, शब्दार्थ आठवणे, रचना उलगडणे आणि कोण कर्ता व कोण कर्म हे ठरविणे, अशा अनेक क्रियांचा तो मेळ होय. कारामाझा व झुरिफ यांनी १९७६ साली इंग्रजी वाक्ये व चित्रे योजून याची परीक्षा घेतली. ‘मुलगा खात असलेले सफरचंद तांबडे आहे’ अशा धर्तीचे वाक्य रुग्णांस समजे. कारण सफरचंद मुलास खात नाही. परंतु कुत्रा व मांजर यांपैकी कोण कोणास चावते, हे केवळ रचनेवरून ठरवावयाचे असता त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजाच्या पातळीवर येत.

मग व्याकरणाचे ज्ञानच लोपले म्हणावे काय? लाइनबार्गर, श्वार्ट्झ व सॅफ्रन यांनी १९८३ साली दाखविले की, असे काही रुग्ण अशुद्ध वाक्य बरेचसे अचूक ओळखतात. अर्थात, उणीव ज्ञानात नसून रचनेवरून अर्थ निश्चित करण्याच्या क्रियेत असावी, असे त्यांचे अनुमान होते.

मराठीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. ‘मुलाला मुलीने ढकलले’ या वाक्यात कर्ता ठरतो तो शब्दक्रमाने नव्हे, तर विभक्तिप्रत्ययाने. म्हणून इंग्रजी चाचणीचे केवळ भाषांतर येथे पुरेसे होणार नाही. क्रम व प्रत्यय यांचा प्रभाव पृथक् तपासणारी वाक्ये रचावी लागतील.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ‘पाणी हवे का?’ या प्रश्नास रुग्णाने मान डोलावली की, आप्तांस तो सर्व समजतो असे वाटते. परंतु ‘गोळी घेतल्यावर जेवा’ आणि ‘जेवल्यावर गोळी घ्या’ यांत शब्द जवळजवळ तेच, क्रम मात्र उलट. अशी सूचना रुग्णास उमगली की नाही, हे त्याच्या होकारावरून न ठरविता कृतीवरून पडताळून पाहणे, हेच श्रेयस्कर होय.